दाण्यात काय आहे?

पुढच्या संवादातली दोन्ही माणसं मी रचलेली आहेत. त्यांच्या तोंडची माहिती रचलेली नाही. भाऊजींचा वसई पूर्वेला प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा आहे. डबे, झाकणं, मग, बादल्या, गिऱ्हाईक साचा देईल ते काढून द्यायचं. वहिनी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहेत. दीर-भावजयीचं नातं असल्यामुळे भांडण मोकळेपणाने होतं आणि पानं घेतली की थांबतं. या वेळी ते सुरू झालं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यावरून. मराठी घरात हा डबा श्रीखंड संपल्यावरच खरा कामाला लागतो. आधी ओल्या नारळाचं वाटण, मग भिजवलेली मटकी, शेवटी शेजारी पाठवायची आमटी. वहिनींनी त्यात गरम आमटी ओतू दिली नाही, एवढंच निमित्त.

भाऊजी : वहिनी, तो डबा पीपीचा आहे. खाली त्रिकोणात 5 आकडा आहे बघा. पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांपर्यंत वितळत नाही. तुमची आमटी फार तर शंभरावर उकळणार.

वहिनी : वितळला तर तुम्हालाच आणून देईन. मला काळजी आहे ती वितळण्याआधी त्यातून काय सुटतं याची.

भाऊजी : बीपीए म्हणायचंय ना? पीपीत बीपीए नसतं, कधीच नव्हतं. ते पॉलिकार्बोनेटमध्ये असतं, म्हणजे पाण्याच्या त्या निळ्या वीस लिटरच्या जारमध्ये, आणि पत्र्याच्या हवाबंद डब्यांच्या आतल्या लेपात. थॅलेट म्हणाल तर ते पीव्हीसी मऊ करायला घालतात, पीपीला त्याची गरज नाही. तरी माझी गिऱ्हाइकं हल्ली डब्यावर ‘बीपीए फ्री’ छापून मागतात. मी छापून देतो. गाजरावर ‘यात कोलेस्टेरॉल नाही’ असं लिहावं, तसला प्रकार.

वहिनी : हे तुम्ही खरं बोललात म्हणून बरं वाटलं. पण जिथे ते खरोखर होतं, तिथून काढल्यावर काय घातलं? बीपीएस. नाव एका अक्षराने बदललं, रेणू जवळजवळ तोच. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेतला किस्सा ऐकलाय का? 1998 साली त्यांच्या उंदरांच्या पॉलिकार्बोनेटच्या पिंजऱ्यांना कुणीतरी फरशी धुण्याचा जहाल साबण वापरला. प्लास्टिक झिजलं, त्यातून बीपीए सुटलं, आणि ज्या उंदरांना काहीच दिलेलं नव्हतं, नुसते तुलनेसाठी ठेवले होते, त्यांच्याच बीजांडांमधल्या गुणसूत्रांचा हिशेब बिघडलेला दिसायला लागला. दुसऱ्याच प्रयोगाचं वाटोळं झालं आणि हा शोध लागला. पुढे पिंजरे बदलले, दुसरं प्लास्टिक आणलं. वीस वर्षांनी, 2018 मध्ये, त्याच प्रयोगशाळेने छापलं की नवे पिंजरेही झिजले आणि तसाच बिघाड पुन्हा दिसला. या वेळी बीपीएसमुळे.

भाऊजी : उंदरांच्या. आणि झिजलेल्या पिंजऱ्यात अहोरात्र राहणाऱ्या उंदरांच्या. माणूस बीपीए काही तासांत लघवीवाटे बाहेर टाकतो, हे तुमच्याच पुस्तकात आहे.

वहिनी : आहे. त्याच पुस्तकात हेही आहे की अमेरिकेत 2003-04 मध्ये सहा वर्षांवरच्या लोकांची लघवी तपासली तेव्हा 93 टक्के नमुन्यांत ते सापडलं. काही तासांत निघून जाणारी वस्तू इतक्या लोकांत सापडते, याचा अर्थ ती रोज नव्याने येते. टाकीचा नळ उघडा आहे आणि वरून पाणीही चालू आहे.

भाऊजी : सापडली म्हणजे बाधली असं नव्हे. आजची यंत्रं पोहण्याच्या तलावातली मिठाची चिमूट शोधतात. शोधायची ताकद वाढली म्हणून विष वाढलं असं कसं म्हणायचं? मात्रा किती, ते बोला.

वहिनी : मात्रेवरच येते. चार्ल्स डॉड्स हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी 1936 मध्ये बीपीए तपासलं ते स्त्रीसंप्रेरकासारखं काम करतं का हे बघायला, आणि करतं असं आढळलं. प्लास्टिकवाल्यांनी ते उचललं त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. डॉड्सना त्याहून जोरकस रेणू मिळाला 1938 मध्ये, डीईएस. ते औषध झालं आणि गर्भ पडू नये म्हणून लाखो बायकांना दिलं गेलं. 1971 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की वयात आलेल्या मुलींना योनिमार्गाचा एक अतिदुर्मिळ कर्करोग होतोय आणि त्यांच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. गोळी आईने गिळली, आजार उमटला तो पुढच्या पिढीत.

भाऊजी : गोळीच ती! मिलिग्रॅममध्ये, रोज, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. डब्यातून येणारं त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

वहिनी : मान्य. मी डीईएस आणि डबा एका तराजूत घालत नाही. त्यातून घ्यायचं ते वेळेचं गणित. गर्भ आठ ते चौदा आठवड्यांचा असताना मुलाच्या जननेंद्रियांची घडण टेस्टोस्टेरॉनच्या हुकमावर होते. त्या दिवसांत शरीराची स्वतःची संप्रेरकंही इतक्या सूक्ष्म मात्रेत काम करतात की ‘थोडंसंच आहे’ हा दिलासा पुरत नाही. शॅना स्वॉन यांनी 2005 मध्ये आयांच्या लघवीतली थॅलेट आणि त्यांच्या मुलग्यांची शरीरमापं ताडून पाहिली. ज्या आयांत थॅलेट जास्त, त्यांच्या मुलांत पुरुषी घडणीची एक खूण किंचित कमी.

भाऊजी : किती मुलं होती?

वहिनी : पंच्याऐंशी.

भाऊजी : आमच्या सोसायटीच्या गणपतीत याहून जास्त असतात.

वहिनी : म्हणून तर पुन्हा केलं, जास्त मुलांवर. 2015 मध्ये ते छापून आलं. डीईएचपी नावाच्या थॅलेटच्या बाबतीत कल तोच निघाला.

भाऊजींचा स्वभाव असा की मुद्दा हरला की ते कबूल करत नाहीत, विषय बदलतात. पण इथे त्यांनी जो विषय काढला, तो टाकाऊ नव्हता.

भाऊजी : बरं, मग मला हे सांगा. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये सांगितलं की शरीराच्या दर किलोमागे रोज 4 मायक्रोग्रॅम बीपीए चालेल. 2023 मध्ये तेच म्हणाले, नाही, 0.2 नॅनोग्रॅम. वीस हजार पटींनी खाली! जर्मनीच्या सरकारी संस्थेने लगेच सांगितलं, आम्हाला हे मान्य नाही, आमचा आकडा 200 नॅनोग्रॅम. म्हणजे हजार पटींचा फरक, तोही शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. अमेरिकेचं औषध प्रशासन अजून म्हणतंय, सध्याच्या वापरात धोका नाही. माझ्या गाळ्यात मापात केसाइतका फरक पडला तर झाकण बसत नाही. इथे हजार पटींचा फरक आणि मी घाबरायचं कुणाच्या आकड्याला?

वहिनी : त्यांचं भांडण कशावर होतं ते बघा. युरोपच्या समितीने उंदरांच्या प्रतिकारशक्तीतला एक सूक्ष्म बदल धरला. जर्मन म्हणाले, तो बदल म्हणजे आजार नव्हे, धरू नका. प्रश्न असा की शरीरात झालेला बदल आजार म्हणून कधी मोजायचा. आणि तुमच्या लक्षात आलं का, जर्मनांचा आकडासुद्धा 2015 च्या आकड्यापेक्षा वीस पटींनी खाली आहे? भांडणारे दोघेही जिना उतरतच आहेत. 2024 च्या डिसेंबरात युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदीच घातली, मुदत देऊन.

भाऊजी : आणि काळ्या उलथन्याचं काय? 2024 च्या ऑक्टोबरात सगळ्या जगाने काळी उलथनी फेकली. म्हणे त्यांतलं आगरोधक रसायन सुरक्षित मर्यादेला टेकलंय. डिसेंबरात कळलं, संशोधकांचा गुणाकार चुकला. मर्यादा किलोमागे 7,000 नॅनोग्रॅम, माणूस 60 किलोचा. किती?

वहिनी : चार लाख वीस हजार.

भाऊजी : त्यांनी बेचाळीस हजार लिहिलं! एक शून्य खाल्लं. मर्यादेच्या जवळ नव्हे, दहावा हिस्साही नव्हता. आमच्या गाळ्यातला दहावी नापास पोरगा असली चूक करत नाही, कारण त्याचा पगार कापला जातो.

वहिनी : चूक झाली, दोन महिन्यांत दुसऱ्यांनी पकडली, दुरुस्ती छापली. पण भाऊजी, शून्य बाजूला ठेवा. मला वेगळंच विचारायचंय आणि ते तुम्हीच सांगू शकता. उलथन्यात आगरोधक आलंच कसं? उलथनं पेटू नये म्हणून तर कुणी घालत नाही.

(इथे भाऊजी थोडा वेळ गप्प होते. धंद्यातला माणूस खरं बोलायचं ठरवतो तेव्हा आवाज खाली आणतो.)

भाऊजी : ते घालत नाहीत, ते येतं. टीव्हीची मागची बाजू, कीबोर्ड, प्रिंटर, यांच्या प्लास्टिकमध्ये आगरोधक असतं, असावंच लागतं. हे सगळं भंगारात जातं. भंगारवाला रंग बघून, तोडून, जाळून वास घेऊन निवडतो. मग ग्राइंडर, मग पुन्हा वितळवून दाणा. त्याला आम्ही रिप्रो म्हणतो. वेगवेगळ्या रंगांचा माल एकत्र आला की त्याला एकच रंग देता येतो, काळा. काळ्यात सगळं खपतं. म्हणून स्वस्त काळी वस्तू दिसली की मी तिला वास देतो आणि खाली ठेवतो.

वहिनी : हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाहीत.

भाऊजी : घरात काळं काही आणूच देत नाही. सांगायची वेळ आली नाही.

वहिनी : आणि तुमच्या गाळ्यात?

भाऊजी : अन्नाच्या डब्याला व्हर्जिन, म्हणजे कोरा दाणाच. अन्नाच्या वेष्टनाला रिप्रो चालत नाही, हे 2018 च्या नियमांपासून स्पष्ट आहे. अलीकडे पेट बाटल्यांपुरती अटी घालून सूट दिली आहे, तेवढीच. पण बादली, मग, कुंडी, खेळण्यातली गाडी... तिथे रिप्रो जातो. सगळेच घालतात.

वहिनी : मग दोन वर्षांचं पोर ती गाडी तोंडात घालतं आणि मगातून आंघोळीचं पाणी पितं. ते अन्न आणि हे खेळणं, हा फरक तुमच्या कायद्याला कळतो, त्याला नाही.

मला विचाराल तर सगळ्या संवादातला वजनदार भाग हाच. बीपीएच्या नॅनोग्रॅमवर विद्वान अजून कितीतरी वर्षं वाद घालतील. पण टीव्हीच्या पाठीतलं आगरोधक स्वयंपाकघरात कसं पोचतं यात वादच नाही, आणि तो रस्ता ठाऊक असलेली माणसं प्रयोगशाळेत नसून वसईत, धारावीत, भिवंडीत आहेत. त्यांना कुणी साक्षीला बोलावत नाही. भाऊजींनी मात्र इथे डाव उलटवला.

भाऊजी : आता तुमच्या वॉर्डात या. बाळाला लावलेल्या नळ्या कशाच्या असतात?

वहिनी : बऱ्याच पीव्हीसीच्या. त्यात डीईएचपी असतं. रक्ताच्या पिशवीत वजनाच्या 30 ते 40 टक्के.

भाऊजी : म्हणजे माझ्या डब्यावर आरडाओरडा आणि तुमच्या आठशे ग्रॅमच्या बाळाच्या शिरेत थेट?

वहिनी : थेट. नाकारत नाही. जगात डीईएचपी सगळ्यात जास्त कुणाच्या शरीरात जात असेल तर बहुधा माझ्याच पेशंटांच्या. ते प्लास्टिकला पक्कं बांधलेलं नसतं, कणाकणाच्या मधे नुसतं बसलेलं असतं. स्निग्ध पदार्थ लागला की लवकर सुटतं, आणि आम्ही शिरेतून स्निग्धांश देतो. त्यातली गंमत सांगू? रक्ताच्या पिशवीतून हेच डीईएचपी झिरपतं आणि तांबड्या पेशींच्या आवरणाला धरून ठेवतं. रक्त 42 दिवस टिकतं त्यात त्याचाही हात आहे. ते काढलं तर पेशी लवकर फुटतात. एकच रसायन, पिशवीत उपकार करतं आणि बाळात काय करतं याची धास्ती.

भाऊजी : मग का वापरता?

वहिनी : नळी नाही लावली तर बाळ रात्र काढत नाही. तिथे मी हिशेब उघड्या डोळ्यांनी करते. 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयांना सांगितलं होतं की नवजात मुलग्यांसाठी शक्य तिथे डीईएचपी नसलेल्या नळ्या वापरा. पर्याय आहेत. जिथे मिळतात तिथे वापरते. आमटीला मात्र स्टीलचा डबा ओट्यावरच आहे, तिथे हा हिशेब करायची वेळ कशाला आणायची?

भाऊजी : म्हणजे तुमचं म्हणणं, प्लास्टिक वाईट असं नाही?

वहिनी : नाहीच. दुधाची पिशवी साध्या पॉलिथिनची असते, थंड दूध, एक दिवस. मला तिची भीती नाही. पेट बाटलीच्या नावात थॅलेट येतं म्हणून लोक धसका घेतात, ते वेगळं रसायन आहे.

भाऊजी : पेटमध्ये अँटिमनी असतं, ते सांगा की. तेही व्हॉट्सॲपवर फिरतं, गाडीत तापलेल्या बाटलीचं पाणी म्हणजे कर्करोग.

वहिनी : ॲरिझोनाच्या संशोधकांनी 2008 मध्ये मोजलंय. 60 अंशांवर बाटली सलग ठेवली तर अमेरिकेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडायला 176 दिवस लागतात.

भाऊजी : अकोल्याच्या मे महिन्यात गाडी उन्हात लावली तरी संध्याकाळी ती थंड होतेच.

वहिनी : म्हणून तिथे मी तुमच्या बाजूने. पण टपरीवरून पातळ पिशवीत बांधून आणलेला उकळता चहा? कागदी कप? तो कागदी नसतोच, आत पॉलिथिनचा पापुद्रा असतो. खरगपूर आयआयटीने दाखवलं की 100 मिली गरम पाणी त्यात पंधरा मिनिटं ठेवलं तर सुमारे 25,000 सूक्ष्मकण सुटतात.

भाऊजी : सुटतात, पुढे काय करतात?

वहिनी : ते अजून नीट कळलेलं नाही. 2024 मध्ये इटलीच्या डॉक्टरांनी मानेच्या धमनीतला मेदाचा थर काढलेल्या 257 रुग्णांची तपासणी केली. 150 जणांच्या थरात पॉलिथिन होतं. कण सापडलेल्यांत पुढच्या तीनेक वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण सुमारे साडेचार पट.

भाऊजी : प्लास्टिकमुळे झटका, की जो माणूस बाहेरचं खातो, धुरात राहतो त्याच्यात दोन्ही?

वहिनी : ते त्या अभ्यासातून ठरत नाही, त्यांनीही तसा दावा केला नाही. मी फक्त म्हणते, काचेच्या ग्लासात कटिंग तितकंच गोड लागतं.

भाऊजी : ग्लास टपरीवर कसा धुतात ते पाहिलंय? कागदी कपाने कावीळ वाचवली असेल.

(हा मुद्दा वहिनींना लागला. त्या हसल्या, पण उत्तर दिलं नाही. मलाही सुचलं नाही.)

वहिनी : तुम्ही मघापासून ‘सिद्ध झालं नाही’ म्हणता. पीव्हीसीचा कच्चा वायू, व्हिनाइल क्लोराइड, त्याचंही असंच म्हणत होते. 1974 मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्याच्या डॉक्टरांना तिथल्या कामगारांत यकृताचा अँजिओसार्कोमा दिसला. इतका दुर्मिळ कर्करोग की एकाच कारखान्यात मूठभर रुग्ण म्हणजे शंकेला जागा नाही. हवेतली मर्यादा दहा लाखांत 500 भागांवरून एका भागावर आणली गेली. उद्योग म्हणाला, आम्ही बुडालो.

भाऊजी : बुडाले नाहीत. पीव्हीसीचा पाइप आज प्रत्येक भिंतीत आहे.

वहिनी : पुरावा मिळाला तो कामगारांच्या यकृतातून. तुमच्या ग्राइंडरवर मुलगा उभा असतो, त्याच्या तोंडाला काय असतं?

भाऊजी : मास्क दिलाय. गळ्यात अडकवतो. आत 40 अंश असतात, वहिनी, मीही लावत नाही.

वहिनी : त्या धुरळ्यात काय असतं?

भाऊजी : खरं सांगू? मला माहीत नाही. दाणा मोठ्या कंपनीचा, त्याचा कागद येतो. रंगाचा मास्टरबॅच दुसऱ्याकडून. त्याच्यात रंग, मेण, उन्हाने फुटू नये म्हणून काहीतरी, घसरावं म्हणून काहीतरी. ‘फूड ग्रेड’ असा शिक्का मारलेला एक कागद तो देतो. आत काय, ते सांगत नाही. म्हणतो, फॉर्म्युला आहे.

वहिनी : 2024 मध्ये नॉर्वेच्या पुढाकाराने एक मोठी यादी झाली, प्लास्टकेम. प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी किंवा आढळणारी 16,000 हून जास्त रसायनं. त्यांतली चार हजारांवर घातक ठरलेली. आणि दहा हजारांवर अशी की त्यांच्या धोक्याविषयी माहितीच नाही. मला त्या चार हजारांपेक्षा या दहा हजारांची काळजी आहे, आणि वस्तू बनवणाऱ्यालाच त्यांतली कुठली आपल्या हॉपरमध्ये आहेत हे ठाऊक नाही याची तर जास्तच. गृहिणीने खालचा त्रिकोण वाचून काय करायचं? त्रिकोण दाण्याची जात सांगतो, त्यात काय मिसळलंय ते नाही. तुम्ही मागा ना यादी.

भाऊजी : मागितली तर म्हणेल, घ्यायचं तर घ्या. मी महिन्याला घेतो दोन-चार पोती. मोठ्या ब्रँडसाठी डबे काढतो तेव्हा तो ब्रँड मागतो, तेव्हा सगळे कागद निघतात, चाचण्यासुद्धा. बाजारात किलोवर विकतो त्या मालाला आजवर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही.

वहिनी : किलोवर कोण घेतं?

भाऊजी : आठवडी बाजारवाले. हातगाडीवाले.

वहिनी : म्हणजे ब्रँडचा डबा घेणाऱ्यासाठी चाचणी, आणि हातगाडीवरच्या मगाला वास घेऊन खाली ठेवणं, तेही ज्याला वास कळतो त्यानेच.

भाऊजी : मला एकट्याला धरू नका. वसईतल्या सगळ्या गाळेवाल्यांनी मिळून मागितलं तर मास्टरबॅचवाला देईल. पण असोसिएशनच्या बैठकीत विजेच्या दरापुढे चर्चा जात नाही. तुम्ही तरी विचारलंत का तुमच्याकडे, सगळ्या नळ्या डीईएचपीशिवायच्या का नाहीत?

वहिनी : विचारलं. खरेदी विभाग म्हणाला, निविदेत तसं लिहिलेलं नाही.

भाऊजी : मग निविदेत लिहायला लावा.

वहिनी : लावते. तुम्ही पुढच्या ऑर्डरीत लिहा, घटकांची यादी दिल्याशिवाय माल उतरवून घेणार नाही.

भाऊजी : लिहीन. पण तो नाही म्हणाला तर रंगीत माल बंद करायचा की पुरवठादार बदलायचा, हे मला गाळ्यात बसून ठरवावं लागेल, इथे ओट्याजवळ उभं राहून नाही. आणि बिनरंगाचा मग आठवडी बाजारात कुणी उचलतो का, ते आधी बघू द्या.